पुन्हा मोजा

पाऊस सलग दुसऱ्या वर्षी तोंड दाखवून पळाला. झऱ्याची मनगटाएवढी धार करंगळीएवढी झाली, पायवाटेवरची माती पावलागणिक पिठासारखी उडायला लागली आणि जंगलातल्या चौकीवर सगळ्यांचे चेहरे उतरले. एकट्या राखणदाराचा सोडून. दुष्काळात खुश असणाऱ्या माणसाला लोक काय म्हणतात ते सांगायला नको. त्याची बायको तर तोंडावर म्हणायची.

त्याच्या खुशीचं कारण खोलीच्या कोपऱ्यात, टेबलावर, जुना टॉवेल पांघरून बसलेलं असायचं. ऑफिसनं भंगारात काढलेला एक कॉम्प्युटर त्यानं उचलून आणला होता. व्हिडिओ बघत, चुकत, पुन्हा करत त्यानं त्यात जंगलाच्या मोजणीचं सॉफ्टवेअर बनवलं होतं. कुणी शिकवलं नव्हतं, कुणी सांगितलंही नव्हतं. मोजलेल्या प्रत्येक झाडाची त्यात एक ओळ. झाडाला ठोकलेल्या पत्र्याच्या बिल्ल्यावरचा नंबर टाकला, की त्या झाडाचा लागवडीपासूनचा घेर डोळ्यांसमोर. हल्ली तर ते फोनवरही चालायचं. रानात उभं राहून आकडा टाकायचा, संध्याकाळी घरी आलं की तो आपोआप कॉम्प्युटरात.

झाडं तोडणाऱ्या टोळीतली माणसं त्याला संगणकराव म्हणायची. बायको त्या कॉम्प्युटरला सवत म्हणायची.

"झालं का तिचं सगळं? टॉवेल घातलात? थंडी वाजेल हो तिला," असं ती ताटं घेता घेता म्हणायची, आणि तो कानावर पडलंच नाही असं दाखवायचा.

आणि सॉफ्टवेअर नुसतं आकडे गिळत नव्हतं, तपासतही होतं. त्यामागे एक दुखरी गोष्ट होती. पहिल्याच वर्षी कुणीतरी एक शून्य जास्त दाबलं आणि एक झाड एका दिवसात खोलीएवढं जाड झालं. तेव्हाचे साहेब चारचौघांत म्हणाले, "राखणदार, ह्या झाडात आता तुम्हाला संसार थाटता येईल." सगळे पोट धरून हसले. तोही त्यांच्याबरोबर हसला. त्याच आठवड्यात त्यानं दोन नियम घातले. मागच्या वर्षीपेक्षा भलताच मोठा आकडा घ्यायचा नाही. आणि मागच्यापेक्षा लहान आकडा तर मुळीच घ्यायचा नाही. असा आकडा टाकला, की लाल पट्टी यायची आणि त्यावर लिहिलेलं यायचं, 'चूक. पुन्हा मोजा.'

ह्या दुसऱ्या नियमाचा त्याला फार अभिमान. "झाड काय माणूस आहे का, उपासानं वाळायला?" तो सगळ्यांना सांगायचा. "ते वाढेल नाही तर थांबेल. कमी झालं म्हणजे टेप धरणाऱ्याची चूक."

आता टेप धरणारी म्हणजे त्याची बायको. आणि फोनवर आकडा टाकणारी म्हणजे त्याची बहीण, धाकटी. वरच्या उताराची मोजणी ह्या दोघी नणंद-भावजयांकडे. खाली झऱ्याच्या उतारावर तो स्वतः मोजायचा.

वरचा उतार म्हणजे साधी जागा नव्हती. तो आबांनी लावलेला. राखणदाराचे वडील तरुणपणी त्या उघड्या माळावर पाठीवर रोपांची टोपली घेऊन चढले होते, पहारीनं दगड फोडून खड्डे घेतले होते, आणि झऱ्यापासून पाणी खांद्यावरून वर नेलं होतं. आता आबांना डोळ्यांनी दिसत नव्हतं आणि गुडघे दारापलीकडे नेत नव्हते. पण पाइनची ती सगळी झाडं त्यांच्या डोक्यात उभी होती. मोजणीचे दिवस आले, की संध्याकाळी ते खाटेवर उठून बसायचे.

"वाच रे वरच्या उताराचं."

राखणदार फोन घेऊन पायथ्याशी बसायचा. "दगडाजवळचं, आबा. मागे एकशे बारा सेंटिमीटर होतं. आता एकशे तेरा."

"एवढ्या उन्हात?"

"एवढ्या उन्हात."

"हट्टी आहे ते," आबा म्हणायचे, आणि त्यांच्या तोंडावर जे काही पसरायचं ते बघायला राखणदार दिवसभर थांबलेला असायचा. "त्याला खड्डा घेताना माझं नख गेलं होतं. पुढचं?"

पुढचंही एकानं वाढलेलं असायचं. त्याच्या पुढचंही. बायको चुलीपाशी पाठ करून बसायची आणि एरवी एवढी बोलणारी बाई त्या वेळेला गप्प असायची. राखणदाराला वाटायचं, दमली असेल. साल हाताला करवतीसारखी लागते, दिवसभर झाडांना मिठ्या मारायच्या म्हणजे खेळ नाही.

मोजणी संपली आणि मॅडम चौकीवर आल्या. ह्या नव्या साहेब. उन्हानं चेहरा रापलेला, बूट धुळीनं माखलेले, खुर्ची दिली तरी उभ्यानंच बोलणाऱ्या. पलीकडच्या डोंगरावर भुंगेरा लागला होता. तहानलेल्या झाडात तो शिरतो, सालीखाली अंडी घालतो आणि झाड वरून हिरवं दिसत असतानाच आतून खातो. एका उतारावर बसला, की शेजारचा उतार धरतो.

"आपल्याकडे टोळी एक, आणि हाताशी एवढाच हंगाम," मॅडम म्हणाल्या. "जो उतार खंगलाय तो भुंगेरा यायच्या आत पाडायचा. जो जोमात आहे तो राखायचा. दोन्ही वाचवायला गेलो तर दोन्ही जातील. राखणदार, तुमचं सॉफ्टवेअर काय म्हणतं?"

आजवर कुणी त्याला हा प्रश्न विचारला नव्हता. त्यानं टॉवेल काढला, खुर्ची ओढली, पुसलेला पडदा पुन्हा एकदा बाहीनं पुसला. वरचा उतार सरसकट वाढलेला. झऱ्याचा उतार जेमतेम, कुठे अर्ध्या सेंटिमीटरनं, कुठे तेवढाच. एवढं स्पष्ट चित्र, की लहान मुलालाही कळावं.

मॅडम बराच वेळ बघत राहिल्या. "नवल आहे. पाण्याजवळचीच झाडं मागे पडलीत."

"वरची मुळं खोल आहेत, मॅडम. दगड फोडून लावलीत ती."

"आकडे तुम्ही तपासलेत?"

"तपासायची गरजच नाही. चुकीचा आकडा ते घेतच नाही."

मॅडमनी मान हलवली आणि झऱ्याच्या उतारावर करवती लावायचा हुकूम लिहून दिला. जाताना म्हणाल्या, "वरच्या ऑफिसला कळवते मी. असं काम सगळ्या चौक्यांवर हवं." बायको दारात चहाचे कप घेऊन उभी होती. तिच्या हातातला एक कप बशीत लवंडला. "सांभाळून गं," राखणदार म्हणाला. त्याचे पाय जमिनीला लागत नव्हते.

त्या दुपारी आबांनी त्याला बोलावलं. वरचा उतार राहणार हे त्यांना कळलं होतं. म्हातारा लहान पोरासारखा लाजत म्हणाला, "एक काम कर. वर जाऊन दगडाजवळच्याला माझ्यातर्फे हात लावून ये."

"एवढ्या उन्हात चढू?"

"मी पाणी घेऊन चढत होतो."

मग काय बोलणार? तो निघाला. खुंटीवरची बायकोची टेप त्यानं सहज गळ्यात अडकवली. चढ कोरडा होता, बुटाखाली पाइनच्या सुया घसरत होत्या, आणि वर पोचेपर्यंत शर्ट पाठीला चिकटला. दगडाजवळचं झाड आपल्या जागी उभं होतं. त्यानं खोडावर तळहात ठेवला. "आबांनी विचारलंय," तो मोठ्यानं म्हणाला आणि आपल्याच वेडेपणाला हसला.

मग टेप होती म्हणून त्यानं ती छातीच्या उंचीवर, पांढऱ्या रंगाच्या खुणेवरून, खोडाभोवती फिरवली. एकशे अकरा.

त्यानं टेप सोडली, झटकली, पुन्हा धरली. ओढून नाही, ढिली नाही, खुणेवर बरोबर. एकशे अकरा. म्हणजे ह्या वर्षीच्या एकशे तेरापेक्षा तर कमीच, पण मागच्या एकशे बारापेक्षाही कमी. त्यानं फोन काढला आणि आकडा टाकून पाहिला. लाल पट्टी आली.

'चूक. पुन्हा मोजा.'

ही अक्षरं त्यानं स्वतः लिहिली होती. कुठल्या संध्याकाळी लिहिली, तेही आठवत होतं. पण ती आपल्यालाच वाचायची वेळ आजवर आली नव्हती. त्यानं पुन्हा मोजलं. पुन्हा लाल. शेजारच्या झाडाकडे गेला. लाल. त्याच्या खालच्याकडे गेला. लाल. खोडाला मिठी मारून टेपचं टोक पलीकडून पकडताना साल दंडाला सोलत होती, घाम डोळ्यांत उतरत होता, आणि दर वेळी ते निर्जीव डबडं त्याला शहाणपण शिकवत होतं. चुकून त्याच्या तोंडून शिवी गेली. ती कुणाला दिली हे त्यालाही ठरवता येईना.

शेवटी त्यानं खरा आकडा सोडून दिला, मागच्या वर्षीच्या आकड्यात एक मिळवला आणि टाकला. पट्टी हिरवी झाली. 'नोंद झाली.'

तो तिथेच सुयांवर बसला. खोडाच्या बुडाशी तपकिरी भुसा सांडलेला दिसत होता, चिमूटभर, बारीक. कुणीतरी आतून पोखरत असल्यासारखा. उभा असताना तो त्याला दिसला नव्हता.

घरी आला तेव्हा दोघी अंगणात लाकडं फोडत होत्या. त्यानं टेप बायकोच्या पुढ्यात टाकली. काही विचारायची गरज पडली नाही. तिनं टेप बघितली, त्याचे सोललेले दंड बघितले आणि कुऱ्हाड ओंडक्यावर टेकवली.

"वर गेला होतात."

"काय केलंत हे तुम्ही दोघींनी?"

धाकटी पटकन म्हणाली, "दादा, वहिनीचा दोष नाही. मी म्हटलं, एक वाढवून बघू. ते घेतच नव्हतं रे!"

"मला सांगायचं नाही?"

"सांगितलं नाही?" बायको आता उसळली. "पहिल्या दिवशी घरात पाय टाकल्या टाकल्या सांगितलं. झाडं कमी भरतायत म्हटलं. तुम्ही काय म्हणालात? सवतीच्या तोंडावरची नजरसुद्धा हलवली नाहीत. 'टेप ढिली धरत असशील, नीट मोज.' दुसऱ्या दिवशी एकेका झाडाला चार चार वेळा मिठ्या मारल्या. हात बघा माझे. सगळं झाड मोजायचं आणि त्या मेलीनं म्हणायचं, चूक. तुमची सवत खरी आणि मी खोटी. मग म्हटलं, हिला जे हवं ते देऊन टाकू."

त्यानं तिच्या सोललेल्या तळहातांकडे पाहिलं.

"आणि संध्याकाळी तुम्ही आबांपुढे वाचायला बसायचात," ती म्हणाली. तिचा आवाज खाली आला. "दोघांची तोंडं बघायचे मी. कुठल्या तोंडानं सांगणार होते?"

आतून आबांचा आवाज आला. "आलास का रे? लावलास हात?"

"लावला, आबा."

"कसं आहे?"

राखणदारानं बायकोकडे पाहिलं. ती त्याच्याकडेच बघत होती, आणि तिनं त्याला काहीही मदत केली नाही.

"आहे," तो म्हणाला. "उभं आहे."

बायको दबक्या आवाजात म्हणाली, "आत्ताच्या आत्ता मॅडमना फोन लावा."

"सकाळी सांगतो."

"सकाळी करवती लागणार."

"अगं, सांगितलं की वरचा उतार पाडतील. आबांचा उतार आहे तो."

"आणि झरा कुणाचा आहे?" तिनं विचारलं आणि फोडलेली लाकडं उचलून ती आत गेली.

सकाळी त्यानं खरोखर सांगायचं ठरवलं होतं. तो झऱ्याच्या उतारावर गेला तेव्हा टोळी येऊन ठेपलेली. माणसं पायांना फडकी बांधत होती, तेलाचा वास सुटला होता, कुणी करवतीचे दात कानशीनं घासत होतं. मॅडम अजून आल्या नव्हत्या. मुकादम म्हणाला, "या संगणकराव! बोला, तुमचं मशीन कुठल्या झाडापासून सुरुवात करा म्हणतं?" आणि आपल्याच विनोदावर खो खो हसला.

राखणदारानं तोंड उघडलं. त्याला वाटलं, आत्ता बोललो तर ह्या सगळ्यांपुढे बोलावं लागेल. मॅडम येऊ देत, त्यांना बाजूला घेऊन सांगू. तेवढ्या वेळात काय होतंय?

तेवढ्या वेळात वाटेजवळचं पहिलं झाड गेलं. करवत ओरडली, खोडातून ओला भुसा उडाला, झाड जरा थांबलं, आणि मग शेंडा आभाळातून बाजूला झाला. जमिनीचा दणका पोटऱ्यांतून वर आला. मग दुसरं. त्याच्या शेजारचं तिसरं. पडताना ती नेहमीसारखा आवाज करत होती, पण आज राखणदाराला प्रत्येक आवाज आपल्या पाठीवर आल्यासारखा वाटत होता. तो उभाच राहिला. आपण इतके भित्रे असू असं त्याला आजवर वाटलं नव्हतं.

मुकादम एका बुंध्यापाशी वाकला होता. त्यानं हातमोजा काढून तळवा बुंध्यावर ठेवला. "अहो, इकडे या."

राखणदार गेला. ताज्या कापावर पाणी डवरून आलं होतं. कडेकडेनं थेंब जमत होते आणि सालीवरून ओघळत होते.

"हे खंगलेलं झाड?" मुकादम म्हणाला. त्याच्या आवाजात टिंगल नव्हती, नुसतं नवल होतं. "हात लावा. गार आहे अजून. असो, आपल्याला काय, हुकूम आहे." आणि त्यानं हातमोजा चढवून पुढच्या झाडाकडे बोट केलं.

"थांबवा," राखणदार म्हणाला.

"काय?"

"करवती थांबवा म्हणतो! बंद करा सगळं!" तो एवढ्या जोरात ओरडला, की उताराच्या टोकापर्यंत माणसं वळली. करवती एकेक करून बंद झाल्या. त्या शांततेत मॅडमची गाडी वाटेवर येऊन उभी राहिली.

बाजूला घेऊन सांगायचं राहूनच गेलं. सगळ्यांपुढे सांगावं लागलं. वरचे आकडे खोटे आहेत. मोजणाऱ्यांनी खरे मोजले, माझ्या सॉफ्टवेअरनं घेतले नाहीत. झाड कमी होऊच शकत नाही असं मी त्यात लिहून ठेवलं होतं. दुष्काळात झाड आवळतं, हे मला माहीत नव्हतं आणि बायकोनं सांगितलं तेव्हा मी ऐकलं नाही.

मॅडम ऐकत होत्या. "हे तुम्हाला कधी कळलं?"

"काल."

"काल कधी?"

"संध्याकाळी."

त्यांनी पडलेल्या झाडांकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "आणि आत्ता सांगताय."

मुकादम आपल्या बुटांकडे बघत होता. टोळीतलं कुणीही हसलं नाही. त्या दिवशी हसले असते तर बरं झालं असतं असं त्याला पुढे कितीदा वाटलं.

"पाण्याजवळची झाडं मागे पडलेली बघून मीही नुसतं नवल केलं आणि सोडून दिलं," मॅडम म्हणाल्या. "चला वर. टेप आणा."

वर टेपचं दुसरं टोक त्यांनी स्वतः धरलं. दगडाजवळच्या झाडाच्या सालीखाली त्यांनी चाकूचं पातं घातलं आणि एक तुकडा उचकटला. खाली नागमोडी रेघा होत्या आणि त्यात तांदळाच्या कण्यांसारख्या पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या. पुढच्या झाडातही. त्याच्या पुढच्यातही. मॅडमनी चाकू पँटला पुसला. वरचा उतार पाडायचा, हे त्यांनी सांगितलंसुद्धा नाही.

"त्या सॉफ्टवेअरबद्दल मी वरच्या ऑफिसला कळवलं होतं," उतरताना त्या एवढंच म्हणाल्या. "आता काय कळवू?"

"बंद ठेवा म्हणून कळवा, मॅडम."

"बंद ठेवून आकडे कुठे लिहू? पुन्हा कागदावर?" त्या चिडल्या होत्या आणि ते लपवतही नव्हत्या. "दुरुस्त करा. आणि सगळा उतार पुन्हा मोजा."

दुरुस्तीला फार वेळ लागला नाही. एवढा अभिमानाचा नियम, पण निघाला बोटाच्या दोन टिचक्यांत. बायको मागे येऊन उभी राहिली.

"आता काहीही टाकलं तरी घेईल?" तिनं विचारलं.

"घेईल. पण आधी विचारेल."

त्यानं तिला दाखवलं. कमी आकडा टाकला, की आता लाल पट्टी येत नव्हती. साधी ओळ यायची, 'मागच्यापेक्षा कमी आहे. असंच आहे का?' आणि खाली 'हो.'

तिनं ते दोनदा वाचलं. "एवढं नीट विचारायला तिला आत्ताच जमलं," ती म्हणाली. मग टॉवेल उचलून तिनं स्वतःच कॉम्प्युटरवर पांघरला.

पुन्हा मोजणीला तिघंही गेले. तो टेपचं एक टोक धरायचा, ती दुसरं, धाकटी आकडा टाकायची. "असंच आहे का?" धाकटी दर वेळी मोठ्यानं वाचायची. आणि बायको दर वेळी म्हणायची, "हो बाई, असंच आहे."

आबांना सांगायचं काम उरलं होतं. ते त्यानं त्याच संध्याकाळी केलं. एकदा उशीर करून पाहिला होता, तेवढा पुरे होता. तो खाटेच्या पायथ्याशी बसला आणि सगळं सांगितलं. भुंगेरा, घेर, खोटे आकडे. आबांचे हात पांघरुणावर पडले होते, मोठे, गाठी आलेले, एका बोटाचं नख कायमचं वाकडं.

"म्हणजे ते एकशे तेरा..."

"खोटं होतं, आबा."

"आणि मी हट्टी म्हणत होतो त्याला." म्हातारा अचानक भडकला. "मला काय पाळण्यातलं पोर समजता? चांगलं चांगलं वाचून झोपवायचं?"

"आबा, दोष माझा आहे," बायको पुढे येऊन म्हणाली.

"गप बस. तुझा नाही." मग ते भिंतीकडे तोंड करून बसले. "वाच," ते शेवटी म्हणाले. "खरं वाच."

त्यानं वाचलं. दगडाजवळचं, एकशे अकरा. त्याच्या खालचं, एकानं कमी. वळणावरचं, दोनानं कमी. आबा प्रत्येकाला मान हलवत होते. कुणाची आठवण सांगितली नाही, कुणाला हट्टी म्हणाले नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून वरच्या उतारावर करवती लागल्या. आबा खिडकीपाशी खाट सरकवून घेऊन बसले. झाड पडलं, की खिडकीचं तावदान हलायचं आणि आबांचं डोकं थोडंसं वळायचं, कुणी हाक मारल्यावर वळावं तसं. कुठलं पडलं हे त्यांना आवाजावरून कळत होतं की नाही, कोण जाणे. त्यांनी कुणाला विचारलं नाही. सून जेवायचं ताट पुढे ठेवायची, ते जेवायचे, आणि पुन्हा खिडकी.

उतार उघडा झाला. संध्याकाळी उन्हं आता सरळ अंगणात यायची, आजवर कधी आली नव्हती तिथपर्यंत. आबांनी वाचायला सांगणं बंद केलं. राखणदार तरीही रोज त्या वेळेला पायथ्याशी येऊन बसायचा, फोन मांडीवर उलटा ठेवून. बायको आत-बाहेर करताना दोघांकडे एकदा बघायची आणि कामाला लागायची.

असे बरेच दिवस गेले. मग एका संध्याकाळी आबा म्हणाले, "ते झऱ्याचं राहिलंय ना?"

"राहिलंय, आबा."

"ते कुणी लावलं होतं, मला आठवत नाही. मी नव्हतो त्यात." त्यांनी तोंड खिडकीकडून त्याच्याकडे वळवलं. "त्याचं वाच."

राखणदारानं फोन सुलटा केला. चुलीपाशी बायकोचं काम थांबलं.

"पहिलं?" आबांनी विचारलं.

"पहिलं पाडलं."

"दुसरं?"

"तेही पाडलं. त्याच्या शेजारचंही."

"काय झालं होतं त्यांना? भुंगेरा?"

चूल तडतडली. खोटं बोलायला कुणी सांगत नव्हतं, आणि खरं बोलायला कुणी मदत करत नव्हतं.

"काही झालं नव्हतं, आबा," तो म्हणाला. "चांगली होती. मी गप्प उभा होतो, तेवढ्यात पडली."

आबांनी हात पुढे केला. तो हवेत चाचपडत त्याच्या डोक्यापर्यंत आला, केसांवरून खाली खांद्यावर आला आणि तिथेच राहिला.

"हं," आबा म्हणाले. "पुढचं वाच."